'भिडूला कळायलाच हवं' म्हणणाऱ्यांना

ब्रिज खेळणाऱ्या मंडळींत एक वाक्य फार चालतं. 'भिडूला एवढं कळायलाच हवं.' डाव बुडाला, गुण गेले, की पानं टेबलावर टाकत कुणीतरी हे म्हणतो आणि समोरचा मान खाली घालतो. गोव्यात ऐकलंय, पुण्यात ऐकलंय, मुंबईच्या जिमखान्यांत ऐकलंय आणि सगळ्यात जास्त ऐकलंय ते भोपाळात. माझ्या मते ब्रिजमध्ये इतकं खोटं वाक्य दुसरं नाही. खोटं, आणि वर उद्धट. आज त्याच्यावरच लिहायला बसलोय. ज्यांना ब्रिज येत नाही त्यांनी इथूनच काढता पाय घेऊ नये ही विनंती, लागेल तेवढा खेळ वाटेत सांगत जातो.

आधी हिशोब. चार माणसं, समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. बावन्न पानं, प्रत्येकाला तेरा. खेळ सुरू होण्याआधी बोली लागते. १ ते ७ आकडे आणि प्रत्येकाला पाच पर्याय: किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि बिनहुकमी, म्हणजे नो ट्रम्प. पाच साते पस्तीस. त्यात पास, डबल आणि रीडबल मिळवा. अडतीस. झाली आपली भाषा. सगळा शब्दकोश अडतीस शब्दांचा! आणि या अडतीस शब्दांत वर्णन कशाचं करायचं, तर हातात येऊ शकणाऱ्या तेरा पानांचं. ते संच किती होतात? ६३ हजार ५०१ कोटींहून जास्त. साहजिकच एकेका शब्दाच्या डोक्यावर चार-चार अर्थांची ओझी बसतात. कुठला शब्द कधी कुठल्या अर्थाने, हे दोन भिडूंनी आधी आपसांत ठरवून घ्यायचं असतं. वर्षानुवर्षं एकत्र खेळणाऱ्या जोड्यांकडे अशा ठरावांच्या वह्याच्या वह्या असतात.

आणि अनोळखी भिडू समोर आला की? वही कोरी. शब्द तेच अडतीस.

बहिणीमुळे भोपाळला माझं वरचेवर जाणं होतं, आणि गेलो की महिना-दीड महिना मुक्काम. संध्याकाळी काय करायचं? तलावावर फिरून किती फिरणार. भारत भवन किती वेळा बघणार? (ते १९८२ साली चार्ल्स कोरियांनी बांधलं, म्हणजे एका अर्थी आमच्याच माणसाने. पणजीची कला अकादमीही त्यांचीच. पायऱ्या उतरताना मला दर वेळी घरी आल्यासारखं वाटतं.) तर मी एका क्लबात ब्रिजला जाऊ लागलो. क्लबाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण तुमच्या गावचा क्लबही तसाच असणार. माझा तिथे ठरलेला भिडू नाही. ज्याचा भिडू लग्नाला किंवा दवाखान्यात गेला असेल त्याच्यासमोर मला बसवतात. त्यामुळे अनोळखी भिडूची बोली लावणं, म्हणजे तिचा अर्थ लावणं, हा माझा तिथला पूर्णवेळ धंदा आहे.

या धंद्याला भोपाळसारखं गाव नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला ते मध्य प्रदेशाची राजधानी झालं. नागपूर तोवर जुन्या मध्य प्रांताची राजधानी होतं, तिथली सरकारी मराठी कुटुंबं फायलींबरोबर इथे आली. ग्वाल्हेरची शिंदेशाही मराठी आली, इंदूरची होळकरशाही मराठी आली. (होळकरांचं आणि ब्रिजचं नातं जुनं, राष्ट्रीय स्पर्धांत त्यांच्या नावाचा चषक आहे.) एका टेबलावर नागपूरचे 'काय बोलून राहिला तू', इंदूरचे 'भिया', ग्वाल्हेरचे अदबशीर 'आपण' आणि मी. चौघेही मराठी बोलतो अशी चौघांचीही समजूत. पानं वाटून झाली की हिंदी सुरू होते, आणि हिंदी-मराठीचं तुम्हाला माहीतच आहे. 'शिक्षा विभाग' ही पाटी आमच्या पोरांना पोलिस ठाण्याची वाटते. 'संशोधन' विधानसभेत मांडतात. 'चेष्टा' करणारा मुलगा तिथे कौतुकाला पात्र ठरतो, 'यातायात' चौकाचौकांत पोलिस सांभाळतात आणि 'खाली' असलेली खुर्ची वरच्या मजल्यावर असते. जुन्या शहरात चहा मागितलात तर चहात मीठ असू शकतं. तिथे तो तसाच पितात, आणि छान लागतो. पण चहा म्हणजे गोडच, 'एवढं कळायलाच हवं', असं म्हणून टपरीवाल्यावर ओरडलात तर 'को खां?' एवढंच ऐकायला मिळेल.

आता तो डाव.

समोरच्या जोडीत एक निवृत्त साहेब. मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले, चाळीस वर्षं ब्रिज खेळलेले. त्यांचा भिडू त्या दिवशी आला नव्हता म्हणून समोर एक मुलगी बसवली. पंचविशीतली, नोकरीनिमित्त भोपाळला आलेली. ब्रिज मोबाइलवर शिकली, इंटरनेटवर खेळून हात बसवला, टेबलावर समोरासमोर खेळायची तिची ही दुसरी की तिसरी वेळ. बसताना साहेब एवढंच म्हणाले, "नॉर्मल खेलेंगे." ती "जी" म्हणाली. झाला करार.

तिने एक बदाम अशी बोली दिली. मी दोन किलवर. साहेब डबल म्हणाले. माझ्या भिडूने नियमाप्रमाणे मुलीला विचारलं, या डबलचा अर्थ काय? ती म्हणाली, आमचं काही ठरलेलं नाही. उत्तर अगदी बरोबर. जे ठरलेलं नाही ते ठरलेलं आहे असं सांगायचं नसतं, आणि अंदाजही सांगायचा नसतो. पण साहेबांच्या भुवया वर गेल्या. त्या भुवया मी पाहिल्या, माझ्या भिडूने पाहिल्या, तिनेही पाहिल्याच असणार. मला तिथल्या तिथे कळलं की हे जुन्या जातीचं डबल आहे, साहेबांच्या हातात किलवरची रांग आहे आणि आता माझं काही खरं नाही. पोरीने क्षणभर थांबून दोन इस्पिक बोली दिली. साहेबांनी पास असं म्हटलं, की तो पास शेजारच्या टेबलावरही ऐकू गेला.

दोन इस्पिकांत ते दोन हात कमी पडले. आम्हाला १०० गुण. मी दोन किलवर डबलमध्ये खेळलो असतो तर तीन हात कमी पडलो असतो, आणि आम्ही व्हल्नरेबल असल्यामुळे त्यांना ८०० मिळाले असते. पानं उघडी पडल्यावर साहेबांनी ते मोठ्याने मोजून दाखवलं. मग म्हणाले, "डबल का मतलब डबल होता है. इतना तो समझना चाहिए." आणखीही बरंच म्हणाले, मोबाइलवर शिकलेल्या पिढीबद्दल वगैरे. ती मुलगी एक शब्द बोलली नाही. उरलेले डाव नीट खेळली, आभार मानून गेली. मी आणखी तीन आठवडे होतो, ती परत आली नाही.

आता मला सांगा, चूक कुणाची?

क्लबात त्या संध्याकाळी चहावर जो निवाडा झाला तो असा: साहेबांचं बोलणं जरा जास्त झालं, पण मुद्दा बरोबर होता. माझं म्हणणं, मुद्दाच चुकीचा होता, बोलणं तर होतंच.

डबलचा मूळ अर्थ 'तुम्हाला हे जमणार नाही, दंड दुप्पट' असा. हे खरंच. पण १९५७ साली अमेरिकेत ॲल्विन रॉथ आणि टोबायस स्टोन या जोडीने दुसरा अर्थ रूढ केला. आपल्या भिडूने एक बोली दिली, मधल्याने दुसरी घुसडली, अशा वेळी डबल म्हणजे 'माझ्याकडे न बोललेले रंग आहेत, तू निवड'. त्याच वर्षी रशियाने उपग्रह सोडला होता म्हणून या डबलचं नाव पडलं स्पुटनिक. म्हणजे हा काही मोबाइलवाल्यांनी काल काढलेला चाळा नाही. साहेब ज्या साली शाळेत असतील त्या सालची गोष्ट आहे ही. आज इंटरनेटवर शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण हाच अर्थ पहिल्यांदा शिकतो. मुलीने एक बदाम बोली दिली होती, हातात चार इस्पिक होते, डबल ऐकून तिने इस्पिक दाखवले. तिच्या शाळेत याला शंभरपैकी शंभर.

साहेबांच्या शाळेतही त्यांचं डबल शंभरपैकी शंभर. कबूल. दोघेही आपापल्या व्याकरणात बिनचूक होते. मग फरक कुठे पडतो? फरक असा की बोली साहेबांनी दिली होती. अर्थ निवडायची मोकळीक त्यांना होती, तिला फक्त ओळखायचं होतं. समोर अनोळखी माणूस आहे, आपल्या शब्दाला जगात दोन अर्थ आहेत, तरीही तो शब्द वापरून मोकळं व्हायचं आणि दुसरा अर्थ लागला की ओरडायचं! हे म्हणजे भोपाळात मराठीत 'चेष्टा करू नका' म्हणायचं आणि समोरचा प्रयत्न सोडून बसला की त्याला आळशी ठरवायचं.

मग साहेबांनी काय करायला हवं होतं? हे चाळीस वर्षं खेळलेल्या माणसाला मी सांगायचं म्हणजे... पण सांगतो. एक तर बसताना अर्धं मिनिट खर्च करून विचारायचं, "बेटा, डबल कसं खेळतेस?" ते केलं नाही, तर आता ८०० च्या मोहावर पाणी सोडायचं. ज्या बोलीचा दुसरा अर्थ लागूच शकत नाही अशी एखादी साधी बोली द्यायची. अनोळखी भिडूबरोबर सगळ्यात चांगली बोली कुठली हा प्रश्नच नसतो. कुठल्या बोलीचा गैरअर्थ लागणार नाही, एवढंच बघायचं असतं. थोडे गुण कमी मिळतील. मिळू देत की.

"तिने का नाही विचारलं आधी?" असं मला चहावर विचारण्यात आलं. बोली चालू असताना भिडूला विचारता येत नाही, तो गुन्हा आहे. बसण्याआधी विचारता आलं असतं. पण मंडळी, आपल्याकडे पंचवीस वर्षांची मुलगी सत्तरीच्या साहेबांना बसल्या बसल्या विचारेल का, की तुमचं डबल कुठल्या सालचं? विचारलं असतं तर 'आगाऊ' ठरली असती. न विचारता चुकली तर 'अडाणी'. आणि साहेबांनी विचारलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं? काही नाही. उलट 'किती साधा माणूस' म्हणून नाव झालं असतं. ज्याचं काही जात नाही त्यानेच विचारायचं, यात मला तरी कठीण काही दिसत नाही.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. त्या भुवया. ब्रिजचा नियम असा की भिडूंनी एकमेकांशी फक्त बोलीतून आणि पानांतून बोलायचं. चेहरा, सूर, उसासा, रेंगाळणं यांतून काही कळलं तर त्याचा फायदा घ्यायचा नाही. साहेबांच्या भुवयांनी उत्तर सांगून टाकलं होतं. तिने पास म्हटलं असतं तर ८०० गुण पदरात पडले असते आणि साहेब खूश झाले असते. तिने त्या भुवयांकडे पाठ फिरवून जे स्वतःला बोलीतून समजलं होतं तेच बोललं. चौघांत नियम तंतोतंत पाळणारी तीच, आणि शिव्या खाणारीही तीच.

आमच्याकडे चवथीच्या रात्री मेंढीकोट खेळताना डोळा मारणं, खाकरणं, कान खाजवणं हा अर्धा खेळ असतो आणि त्यात मजाही आहे. ब्रिजमध्ये त्याला लबाडी म्हणतात. लबाडीचा इतिहासही चांगला जाडजूड आहे. १९६५ साली ब्युनोस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत रीस आणि शापिरो या ब्रिटिश जोडीवर पानं धरलेल्या बोटांच्या खुणांचा आरोप झाला. जागतिक संघटनेने दोषी ठरवलं, ब्रिटनमधल्या चौकशीने आरोप सिद्ध होत नाही म्हटलं, आणि वाद अजून चालू आहे. १९७५ साली बर्म्यूडात भिडूंच्या मध्ये पहिल्यांदा पडदा लावला, तर दोन इटालियन खेळाडूंच्या पायांवर टेबलाखालच्या हालचालींचा ठपका आला. पडदा टेबलावर होता, पाय टेबलाखाली! २०१३ मध्ये बालीला दोन जर्मन डॉक्टरांची जोडी खोकल्याच्या खुणांवरून सापडली. २०१५ मध्ये इस्रायलच्या फिशर आणि श्वार्ट्झ यांच्यावर आरोप झाला, डावाचा बोर्ड टेबलावर कुठे आणि कसा ठेवतात त्यावरून.

हे सगळे एकमेकांना न बोलता ओळखणारे लोक. आपण मराठी माणसं 'न बोलता समजणं' या गोष्टीवर किती भाळलेलो असतो बघा. नवरा-बायकोचं प्रेम म्हणजे न बोलता समजणं, आईची माया म्हणजे न सांगता कळणं, चांगला नोकर म्हणजे नजरेने समजणारा. ब्रिज हा मला माहीत असलेला एकमेव खेळ आहे जो म्हणतो, बाबांनो, न बोलता समजत असाल तर काहीतरी गडबड आहे. आणि ठरवून समजत असाल तर ते ठरलेलं समोरच्या दोघांनाही सांगा. आपलं गुपित शत्रूला सांगायला लावणारा खेळ! म्हणून मला तो आवडतो. आणि म्हणूनच या खेळाच्या टेबलावर बसून 'न सांगता कळायला हवं' म्हणणारे माझ्या डोक्यात जातात.

हे फक्त भोपाळचं दुखणं नाही हे सांगायला कॅन्सस सिटीला जातो. २९ सप्टेंबर १९२९. बेनेट नावाचं जोडपं शेजाऱ्यांबरोबर ब्रिज खेळत होतं. नवऱ्याने पानं बेताची असताना एक इस्पिक बोली दिली. बायकोने त्या बोलीवर विश्वास ठेवून चार इस्पिकांपर्यंत नेलं. नवरा खेळला आणि बुडाला. बायको टोचून बोलली, नवऱ्याने थोबाडीत मारल्या, बायकोने पिस्तूल आणलं आणि नवरा मेला. १९३१ साली ती निर्दोष सुटली. खून-बिन सोडा, त्याचं समर्थन कोण करील. पण डावापुरतं बोलायचं तर तिने त्याच्या शब्दाचा पुस्तकी अर्थ घेतला होता, शब्द त्याने सैल वापरला होता. नवरा-बायको रोज एका घरात राहणारे. तिथे ही गत, तर 'नॉर्मल खेलेंगे' एवढ्या भांडवलावर बसलेल्या दोन परक्यांचं काय?

आता थोडं टेबलापासून लांब जातो.

आपल्या घराघरांत बोली कशा चालतात? 'बघू' म्हणजे नाही. 'बघतो' म्हणजे बहुतेक नाही. 'सांगतो' म्हणजे तुम्हीच पुन्हा विचारा. आमच्या गोव्यात 'फाल्यां' म्हणजे उद्या, आणि हा उद्या कॅलेंडरात सापडत नाही. पाहुणा 'काही नको हो' म्हणतो, म्हणजे चहा हवा. हे गमतीचं झालं. पण सगळ्यात महागडी बोली लग्नाच्या बैठकीत लागते. 'आम्हाला काही नको, तुम्ही तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या.' या बोलीचा अर्थ लावता लावता बापांनी जमिनी विकल्या आहेत. शब्दांत मागितलेलं काही नसतं, त्यामुळे बोलणारा उद्या हात वर करायला मोकळा. कमी दिलं तर 'एवढं कळायला हवं होतं'. जास्त दिलं तर 'आम्ही कुठे मागितलं?' दोन्हीकडून डाव त्यांचाच.

संदिग्ध बोलणं हे वरच्या खुर्चीवरच्या माणसाला परवडतं. खालच्याने संदिग्ध बोलून बघावं, लगेच 'स्पष्ट बोल' म्हणून दटावतात. साहेब कचेरीत फाइलीवर नुसतं 'चर्चा करा' लिहितात आणि बाबू आठवडाभर त्याचा अर्थ लावत बसतो. लागला तर साहेब हुशार, नाही लागला तर बाबू मठ्ठ. क्लबातल्या साहेबांनी चाळीस वर्षं नोकरीत असाच ब्रिज खेळला असणार, निवृत्तीनंतर फक्त पानं आली.

बरं, अर्थ लावणाऱ्याने काहीच डोकं चालवायचं नाही का? चालवायचं ना. त्यातच तर मजा आहे.

त्याच क्लबातला दुसरा डाव. माझ्यासमोर ग्वाल्हेरकडचे एक निवृत्त प्राध्यापक, पहिलीच भेट. ठरलं ते एवढंच: एक नो ट्रम्प १५ ते १७ गुणांचा, आणि ब्लॅकवुड खेळायचं. (एक्क्याला चार गुण, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक. ब्लॅकवुड म्हणजे चार नो ट्रम्प बोलून भिडूचे एक्के विचारणे, १९३३ पासूनची पद्धत.) मी एक नो ट्रम्प बोललो. प्राध्यापकांनी उडी मारली ती थेट चार नो ट्रम्पवर.

आली का पंचाईत! ब्लॅकवुड ठरलंय, म्हणजे एक्के विचारतायत? की पुस्तकात असतं तसं आमंत्रण आहे, की तुझे १७ असतील तर सहावर जा, १५ असतील तर इथेच थांब? बऱ्या पुस्तकांत नो ट्रम्पवरचा चार नो ट्रम्प हे आमंत्रणच असतं. पण क्लबांत निम्मे लोक त्याला ब्लॅकवुडच समजतात, तोंडाने म्हणोत न म्हणोत. आणि प्राध्यापक कुठल्या निम्म्यात, मला काय ठाऊक? माझ्याकडे १७ गुण होते, त्यात दोन एक्के. मी पाच बदाम बोललो. एक्के विचारले असतील तर पाच बदाम म्हणजे 'दोन'. आमंत्रण असेल तर पाचच्या घरात शिरलो म्हणजे 'आलं, स्वीकारलं'. दोन्ही अर्थी तीच बोली बरोबर. प्राध्यापक सहा नो ट्रम्पवर गेले आणि बारा हात झाले. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "आमंत्रण होतं आपल्याला." मी म्हटलं, "आपण ब्लॅकवुड ठरवलं होतं ना?" ते हसून म्हणाले, "ते नो ट्रम्पवर धरायचं की नाही हे मीच बोलायला हवं होतं. चला, पुढच्या डावासाठी ठरवून टाकू." आणि ठरवलं.

माझ्याकडे १५ गुण असते तर दोन्हीकडे चालणारी बोली नव्हती. मग मी पुस्तकाला धरून पास केला असता, आणि त्यांना एक्केच हवे असते तर सहाचा डाव हुकला असता. प्राध्यापकांनी तेव्हाही हेच म्हटलं असतं, अशी माझी खात्री आहे. त्या माणसासमोर मी कितीही तास बसायला तयार आहे.

यावर एक आक्षेप येतो, तो चांगल्या खेळाडूंकडून येतो म्हणून त्याला उत्तर देतो. ते म्हणतात, असं सगळं आधी ठरवत बसलात आणि बाकी बाळबोध बोलीच द्यायच्या म्हटल्यात तर ब्रिजचा आत्मा जातो. अंदाज, धाडस, भिडूवरचा भरवसा, हे कुठे राहिलं? २०१८ च्या आशियाई स्पर्धेत जकार्त्याला प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी सुवर्णपदक आणलं, एक साठीचे, दुसरे छप्पन्न वर्षांचे. ते काय बाळबोध खेळून? नाही. पण ते अनेक वर्षांचे भिडू. त्यांचं धाडस ठरावांच्या पायावर उभं आहे, आणि ते ठराव छापील कार्डावर प्रतिस्पर्ध्यांसमोर ठेवलेले असतात. धाडस करायचं तर आधी तेवढी वर्षं एकत्र घालवा. काल भेटलेल्या माणसाच्या जिवावर धाडस करायचं आणि फसल्यावर त्याच्या अकलेचा उद्धार करायचा, याला भरवसा म्हणत नाहीत.

आणि भिडूची अक्कल काढण्याबद्दल तर नियमच आहे. नियमपुस्तकातला ७४ वा. दुसऱ्या खेळाडूला त्रास होईल किंवा ओशाळवाणं वाटेल असं काही बोलू नये, करू नये. 'दुसऱ्या खेळाडूला', म्हणजे त्यात आपला भिडूही आला. चुकीच्या क्रमाने पान टाकलं तर आमचे पंच लगेच धावत येतात, पुस्तक उघडतात, दंड लावतात. ७४ वा नियम मोडला की पंच चहा पीत असतात. मी त्या संध्याकाळी पंचांना बोलावलं होतं. ते आले, साहेबांकडे बघून हसले, "जाने दीजिए, सीनियर हैं" म्हणाले आणि गेले. सीनियर आहेत म्हणूनच जाऊ देऊ नका, असं मी म्हटलं. ते कुणी मनावर घेतलं नाही.

पूर्वी त्या क्लबात आठ टेबलं लागायची म्हणतात. मी पाहिली ती पाच, आणि एखाद्या दिवशी चारच. नवीन पोरं येत नाहीत, ब्रिज बुडत चाललं, मोबाइलने घात केला, अशी चर्चा दर संध्याकाळी असते. मोबाइलनेच तर एक मुलगी तुमच्या दारापर्यंत आणून सोडली होती. तिकडे इंटरनेटवर ती जगातल्या कुठल्याही अनोळखी भिडूबरोबर बसते, आणि तिथे बसताना प्रत्येकाच्या नावासमोर तो कुठली पद्धत खेळतो हे लिहिलेलं असतं. अमेरिकेत 'यलो कार्ड' म्हणून एक साधी, सगळ्यांना माहीत असलेली पद्धत आहे. कुणीही 'यलो कार्ड?' विचारतं, समोरचा 'हो' म्हणतो, आणि निदान तीन-चतुर्थांश भांडणं तिथेच मिटतात. एका कागदाचं काम.

या खेपेला परत निघण्याआधी मी क्लबाच्या सेक्रेटरींना असाच एक कागद लिहून दिला. ठरलेला भिडू नसलेल्यांनी अमुक पद्धत खेळायची: एक नो ट्रम्प १५ ते १७, त्यावर चार नो ट्रम्प म्हणजे आमंत्रण, दोनच्या बोली कमजोर, आणि मध्ये कुणी बोली घुसडली तर तीन इस्पिकांपर्यंत डबल स्पुटनिक. ज्याला वेगळं हवं त्याने बसताना तोंडाने सांगायचं, आणि सांगायची जबाबदारी जास्त वर्षं खेळलेल्यावर. शेवटची ओळ मी मुद्दाम अधोरेखित केली. सेक्रेटरींनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण कमिटीपुढे ठेवायला हवी, आणि शिवाय प्रत्येक टेबलासाठी प्रती काढायच्या, त्या लॅमिनेट करायच्या, म्हणजे खर्च आला.

"बघू," म्हणाले.

मी लॅमिनेशनचे पैसे त्यांच्या टेबलावर ठेवून आलोय. पाच टेबलांचे नव्हे, आठ टेबलांचे.